नळ न कापता पाणीपट्टी वसूल होईल का?

पाणीपट्टी थकली की आधी नोटीस येते आणि तरीही बिल भरले नाही तर नळजोडणी कापली जाते. आपल्या महापालिकांचा हा ठरलेला मार्ग. पण नळ कापला म्हणून त्या घरातली तहान थांबत नाही. पाणी शेजाऱ्याकडून, टँकरने किंवा चोरीच्या जोडणीने येतेच आणि थकबाकी जिथल्या तिथे राहते. मग नळ चालू ठेवून पैसे कसे वसूल करायचे? याचे शास्त्रीय उत्तर शोधायला नागपूरइतके योग्य शहर क्वचितच सापडेल.

मार्च २०१२ पासून नागपूरचा पाणीपुरवठा २५ वर्षांच्या कराराने 'ऑरेंज सिटी वॉटर' या कंपनीकडे आहे. संपूर्ण शहराला चोवीस तास पाणी देण्याचे उद्दिष्ट ठेवणारा हा देशातला पहिला मोठा प्रयोग. त्याच्या भांडवली खर्चाचा ७० टक्के भार केंद्र-राज्याच्या अनुदानावर आणि ३० टक्के कंपनीवर होता. महापालिकेच्या दहा झोनपैकी एक असलेली धंतोली दवाखान्यांसाठी विदर्भभर ओळखली जाते. रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक जिथे मुक्कामाला असतात, तिथे पाणी तोडणे म्हणजे थेट आरोग्याशी खेळ.

चोवीस तासांच्या पुरवठ्यात एक साधी चकती मोठे काम करू शकते. मीटरजवळच्या जोडात बसवायची ही चकती, मधोमध एक मिलिमीटरचे भोक. दहा मीटर उंचीच्या पाण्याइतका दाब असेल तर त्यातून मिनिटाला सुमारे ४०० मिलिलिटर, म्हणजे दिवसाला साधारण ५७० लिटर पाणी येते. पाच जणांच्या घरात माणशी ११४ लिटर! शहरांसाठीचा सरकारी निकष १३५ लिटरचा आहे. पिणे, स्वयंपाक, आंघोळ सारे भागते. शॉवर आणि गाडी धुणे मात्र बंद होते. ऑस्ट्रेलियात जोडणी तोडण्याऐवजी असाच प्रवाह कमी करतात. पण तासभरच पाणी येणाऱ्या वस्तीत हीच चकती जेमतेम २४ लिटर देईल, आणि कचरा अडकून भोक बुजले तर तेवढेही नाही. म्हणून आधी चाचणी हवी.

इतर देशांचे अनुभवही बोलके आहेत. ब्रिटनने १९९९ च्या कायद्याने घरे, शाळा आणि रुग्णालयांचे पाणी थकबाकीसाठी तोडायला बंदी केली. त्या कायद्यानुसार यासाठी प्रवाह रोखणारी साधनेही वापरता येत नाहीत. फिलाडेल्फियाने २०१७ पासून गरीब कुटुंबांचे बिल उत्पन्नाच्या २ ते ४ टक्क्यांशी बांधले. दक्षिण आफ्रिकेत सोवेटोच्या फिरी वस्तीतले प्रीपेड मीटर घरटी महिन्याला ६,००० लिटर मोफत पाणी देऊन बंद पडत. मोठ्या कुटुंबांचा हा कोटा महिना सरायच्या आत संपायचा. २००९ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने मात्र ही पद्धत वैध ठरवली.

आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये 'पाणी हक्क समिती'च्या याचिकेवर पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. नागपूर महापालिकेची अभय योजना दंड माफ करून वसुली करते, पण वारंवार आली तर वेळेवर भरणाऱ्याला शहाणपण महाग पडते आणि थकबाकीदार पुढच्या योजनेची वाट पाहतो.

आता गरज आहे ती संशोधनाच्या पैशाची. जलवाहिन्यांच्या योजनांच्या निधीतला एक छोटा वाटा यासाठी राखून ठेवावा. सारख्या वस्त्या निवडून एकीत हप्ते, दुसरीत प्रवाहमर्यादा, तिसरीत उत्पन्नानुसार बिल आणि चौथीत नेहमीची पद्धत ठेवावी. वसुली, जोडणी कापण्या-जोडण्याचा खर्च, चोरीच्या जोडण्या आणि जुलाबाचे रुग्ण मोजावेत. नागपुरातच असलेली पर्यावरण संशोधन संस्था नीरी, अभियांत्रिकी संस्था व्हीएनआयटी आणि वैद्यकीय महाविद्यालये हे काम समर्थपणे करू शकतील. आकडे जाहीर करावेत, म्हणजे कुणाचा नळ कापायचा हा निर्णय सवयीने नव्हे, पुराव्याने होईल.