पगारावरचे तारे

देवळाली प्रवराच्या नावात जी नदी आहे, तिच्याच काठी नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली. १९४० साली ‘प्रभात’ फिल्म कंपनीने ‘संत ज्ञानेश्वर’ काढला, तेव्हा पडद्यावर ज्ञानोबा झाले शाहू मोडक. ते आपल्या नगरचे आणि ख्रिस्ती घरातले. चालत्या भिंतीपुढे हात जोडणाऱ्यांना त्याचे काही वाटले नाही. त्याआधी ‘श्यामसुंदर’मध्ये (१९३२) ते बाळकृष्ण झाले होते, आणि कृष्णाची भूमिका पुढे त्यांना जन्मभर चिकटली.

माणसाला अशी प्रतिमा मिळवून देणे हाच त्या काळच्या फिल्म कंपन्यांचा खरा धंदा. १९२९ मध्ये कोल्हापुरात निघालेली ‘प्रभात’ १९३३ साली पुण्यात आली. नट, गवई, सुतार, रंगारी सारेच महिन्याच्या पगारावर. हॉलिवूडमध्येही बड्या स्टुडिओंचे नटांशी सात-सात वर्षांचे करार असत. पण तिथे ताऱ्याला शोभेल अशी कथा शोधली जाई. ‘प्रभात’मध्ये आधी कथा ठरे. ‘धर्मात्मा’मध्ये (१९३५) साक्षात बालगंधर्व एकनाथ झाले, तरी रंगभूमीवरची त्यांची जादू पडद्यावर उतरली नाही. उलट रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले विष्णुपंत पागनीस ‘संत तुकाराम’मुळे (१९३६) घरोघरी पोचले. चित्रपट मुंबईत वर्षाहून अधिक चालला, व्हेनिसला गौरवला गेला. पागनिसांच्या वाट्याला मग तुलसीदास, नरसी भगत अशाच भूमिका आल्या.

मोडकांना ‘प्रभात’च्याच ‘माणूस’ने (१९३९) अशा चौकटीतून तेवढ्यापुरते बाहेर काढले. त्यात ते गणपत हवालदार, तर शांता हुबळीकर कोठ्यावरची मैना. दोघे हिंडताना एका शूटिंगपाशी थबकतात. तिथली नायक-नायिकेची गुळमुळीत प्रेमगीते म्हणजे ‘बॉम्बे टॉकीज’ची उघड टिंगल. एका कंपनीने दुसरीच्या ताऱ्यांना काढलेला हा चिमटा प्रेक्षकांना लगेच कळे, एवढी ताऱ्यांची ओळख पक्की झाली होती.

त्याच वर्षी करारावरून बिनसले आणि अभिनेत्री शांता आपटे ‘प्रभात’च्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. पुढच्या वर्षी त्यांनी ‘जाऊ मी सिनेमांत?’ हे पुस्तकच लिहिले. हॉलिवूडमध्ये अभिनेत्री ऑलिव्हिया डी हॅविलंडने ‘वॉर्नर’ स्टुडिओविरुद्धचा कराराचा खटला जिंकला तो १९४४ साली, म्हणजे पाच वर्षांनंतर. दुर्गा खोटे तर ‘अयोध्येचा राजा’नंतर (१९३२) कुणा एका कंपनीच्या झाल्याच नाहीत, कलकत्त्याच्या ‘न्यू थिएटर्स’मध्येही त्यांनी काम केले.

युद्धकाळात बाजारात काळा पैसा खेळू लागला आणि नटांना एकेका चित्रपटाचे घसघशीत मोल मिळू लागले. मग पगाराचे बंधन कोण पाळणार? १९४२ मध्ये ‘प्रभात’चे दिग्दर्शक व्ही. शांताराम बाहेर पडले, १९५३ मध्ये ‘प्रभात’ बंद झाली. कंपनीने चेहरे घडवले, पण त्या चेहऱ्यांवर जमणाऱ्या गल्ल्यात त्यांना भागीदार केले नाही. नटांनी आपली किंमत बाहेर जाऊन वसूल केली. स्टुडिओ मोडले त्याचे हेही एक मोठे कारण.