विकावा की ठेवावा?

एप्रिल-मेमध्ये उन्हाळ कांद्याची काढणी उरकली की निफाड तालुक्यात घरोघरी एकच चर्चा सुरू होते. पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत आज निघतोय त्या भावाला माल मोकळा करायचा, की कांदाचाळीत भरून ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत थांबायचं? याच समितीत टोमॅटो आणणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. तोडलेला माल त्याला लगेच विकावा लागतो. क्रेटला जो भाव पुकारला जाईल तो त्याचा. कांदा टिकतो, म्हणून कांदेवाल्याला निवड असते. आणि निवड असते म्हणून डाव चुकण्याची भीतीही असते.

नेमक्या अशाच निवडीचं गणित पोकरच्या खेळाडूंनी फार बारकाईने मांडून ठेवलं आहे. पोकर आपल्याकडे फारसा घरोब्याचा खेळ नाही. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे, पैसे लावून खेळायचं ऑनलाइन पोकर ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद झालं, आणि मराठी माणसाला हा खेळ दिसलाच तर बहुधा पणजीला, मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर. पण त्यातलं गणित समजून घ्यायला एक चिपही लावावी लागत नाही.

या खेळाच्या प्रचलित प्रकारात प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते असतात आणि टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच पत्ते एकेक टप्प्याने उघडत जातात. समजा, चार उघडले आहेत आणि हातातले धरून एखाद्याचे चार बदाम झाले आहेत. पाचवा बदाम आला तर डाव त्याचा. नाही आला तर हाती काहीच नाही. न दिसलेले पत्ते ४६ आणि त्यांत बदाम नऊ. म्हणजे शक्यता साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास, पाचांत एकदा. आता टेबलावर ३,००० चिप्स जमल्या आहेत आणि समोरचा आणखी १,५०० लावतो. शेवटचा पत्ता बघायचा तर १,५०० भरायचे, आणि भरल्यावर एकूण रक्कम होते ६,०००. आपला वाटा चौथा हिस्सा, जिंकण्याची शक्यता मात्र पाचवा हिस्सा. सौदा तोट्याचा, पत्ते खाली ठेवावेत. समोरच्याने ७५० च लावले असते, तर ४,५०० मधले ७५० म्हणजे सहावा हिस्सा. तेच पत्ते, तेवढीच शक्यता, पण आता भरणं फायद्याचं. पत्ता येणार की नाही हे कुणालाच ठाऊक नसतं. खेळाडू ठरवतो ते एवढंच की ही संधी या किमतीला घ्यावी का.

चाळीचा हिशेब याच रीतीने मांडता येतो. उदाहरणापुरतं धरू: १०० क्विंटल कांदा आहे आणि आजचा भाव क्विंटलला १,५०० रुपये. आज विकला तर दीड लाख. चाळीत ठेवला तर वजन घटतं, काही सडतो, काहीला कोंब फुटतात. चार-सहा महिन्यांच्या साठवणुकीत ३० ते ४० टक्के घट धरण्याची पद्धत आहे. ३० टक्केच धरली तरी सप्टेंबरात हातात उरतो ७० क्विंटल. म्हणजे आजच्या दीड लाखाची नुसती बरोबरी करायलाही भाव २,१४३ च्या घरात हवा. निवडणीची मजुरी आणि व्याज वेगळंच. पुढे भाव ३,००० निघाला तर २ लाख १० हजार येतील आणि १,२०० वर बसला तर ८४ हजार, असे दोनच शेवट धरले, तर थांबणं परवडायला चढ्या भावाची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त, साधारण ५२ टक्के असायला हवी. भाव दुप्पट होण्याच्या आशेपुढे ही अट सहसा कुणी मांडून बघत नाही.

इथवर दोन्ही हिशेब जुळतात. पुढे कांद्याचा डाव अवघड होतो.

पोकरमध्ये टेबलावर तिसरा बदाम उघडला की समोरचा सावध होतो आणि पुढे पैसे लावायचं थांबवतो. हवा तो पत्ता येऊनही हाती कमी पडतं. कांद्याच्या बाबतीत हे सरकारी आदेशाने होतं. २९ सप्टेंबर २०१९ ला निर्यातबंदी आली. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा आली. १९ ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. नाशिक जिल्ह्यातले लिलाव त्या वेळी बंद पडले. त्याच आठवड्यात केंद्राने क्विंटलला २,४१० रुपयांनी दोन लाख टन कांदा खरेदी करण्याची घोषणा केली. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यात थांबली, ती ४ मे २०२४ ला किमान निर्यातमूल्य आणि शुल्क लावून खुली झाली. शुल्क पूर्णपणे हटायला १ एप्रिल २०२५ उजाडला.

तारखांकडे नीट बघावं. चाळीतला उन्हाळ कांदा सर्वांत महाग विकायचे जे महिने, त्याच महिन्यांत बहुतेक निर्बंध आले आहेत. शहरातल्या गिऱ्हाइकाला कांदा परवडला पाहिजे, ही सरकारची काळजी खोटी नाही. पण भाव पडला तर सगळा तोटा शेतकऱ्याचा आणि चढला तर वरचा भाग कापला जाणार, असा हा व्यवहार आहे आणि तो अन्यायाचा आहे. वरच्या उदाहरणात ३,००० च्या जागी २,४१० धरले, तर थांबण्यासाठी लागणारी शक्यता ५२ वरून ७८ टक्क्यांवर जाते.

तरीही शेवटचा मुद्दा राहतोच, आणि तो पोकरच्या स्पर्धांमधून सर्वांत स्पष्ट दिसतो. स्पर्धेत चिप्स संपल्या की खेळाडू बाहेर. दहा जणांनी हजार-हजार भरले आणि बक्षिसं ५,०००, ३,००० व २,००० अशी ठेवली, तर पहिला येणाऱ्याकडे सगळ्या चिप्स जमतात. बक्षीस मात्र निम्म्याच पैशांचं मिळतं. म्हणजे जिंकलेल्या चिपपेक्षा गमावलेली चिप महाग असते. चार जण उरलेत आणि सगळ्यांकडे सारख्याच चिप्स आहेत, अशा वेळी प्रत्येकाच्या ढिगाची किंमत २,५०० रुपये. एकाने दुसऱ्याला बाद करून चिप्स दुप्पट केल्या, तरी किंमत होते फक्त ३,८३३ च्या आसपास. सगळ्या चिप्स पणाला लावायच्या तर जिंकण्याची शक्यता ६५ टक्के हवी. हा हिशेब ज्या सूत्राने करतात ते डेव्हिड हार्व्हिल यांनी १९७३ मध्ये घोड्यांच्या शर्यतींसाठी मांडलं आणि १९८७ मध्ये मेसन मालमथ यांनी पोकर स्पर्धांना लावलं.

शेतीही अशीच चालते. मुदतीत फेडलेल्या तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर राज्यात व्याज पडत नाही. मुदत हुकली की सवलत जाते. त्यात खरिपाचं बियाणं, खतं, मुलांच्या फिया तोंडावर आलेल्या. अशा घराला दीड लाखाऐवजी ८४ हजार आले तर पुढचा हंगामच उभा राहत नाही. ज्याच्याकडे द्राक्षबाग आहे किंवा घरात एखादी नोकरी आहे, त्याला हाच तोटा सोसता येतो. कांदा तोच, बाजार तोच, शक्यताही तीच. पण एकाने थांबणं बरोबर आणि दुसऱ्याने विकणं बरोबर. म्हणून मे महिन्यात विकून मोकळं झालेल्याला सप्टेंबरात ‘थांबायला हवं होतं’ असं ऐकवणं चूक आहे. अवकाळीने खरिपाचा कांदा गेला आणि डिसेंबर २०१९ मध्ये राज्यातल्या काही बाजारांत क्विंटलमागे दहा हजारांहून जास्त भाव निघाला. तोपर्यंत बहुतेक चाळी रिकाम्या झाल्या होत्या. त्या भावाची वाट बघत सडता कांदा धरून बसणं कुठल्याच गणिताने शहाणपणाचं ठरलं नसतं.

पोकरच्या खेळाडूला मिळत नाही अशी एक सोय मात्र कांदेवाल्याकडे आहे: डाव तोडून खेळता येतो. जोड कांदा, डेंगळे, मानेला जाड राहिलेला माल टिकत नाही. तो काढणीनंतर लगेच विकावा. कर्ज आणि खरीप भागेल एवढा कांदा आजच्या भावाने जाऊ द्यावा. नीट सुकलेला, पत्ती घट्ट धरून असलेला मध्यम कांदाच चाळीत भरावा आणि तोही जुलैपासून ट्रॉली-ट्रॉलीने बाजारात न्यावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात नवा लाल कांदा यायला लागतो आणि जुन्याला गिऱ्हाईक कमी होतं. त्याआधी चाळ खाली व्हायला हवी, आणि ती तारीख चाळ भरतानाच ठरवावी लागते.