टाकीत बाटली ओतण्याआधी

"भाऊ, ते इंजेक्टर क्लीनर टाकू का?" गाडीचं बॉनेट उघडण्याआधीच निम्मी गिऱ्हाइकं हे विचारतात. नाशिकला सातपूरच्या बाजूला माझं डिझेल पंप आणि नोझल दुरुस्तीचं दुकान आहे. मायकोचा, म्हणजे आजच्या बॉशचा, कारखाना इथलाच, त्यामुळे मायक्रॉनच्या भाषेत बोलणारी माणसं या भागात चहाच्या टपरीवरही भेटतात. तरी हा प्रश्न संपत नाही, आणि तो विचारणाऱ्याला मी दोष देत नाही. बाटली काही शे रुपयांत येते, इंजेक्टर काढायचा म्हटलं की बिल हजारांत जातं. आधी स्वस्तातला उपाय करून बघावा असं कुणालाही वाटेल.

माझं मत असं की चांगल्या पंपावर डिझेल भरणाऱ्या आणि फिल्टर वेळेवर बदलणाऱ्या माणसाने दर टाकीला बाटली ओतायची गरज नाही. बाटली ज्या तीन-चार गोष्टींचं आश्वासन देते, त्यांतल्या बहुतेक आपल्या डिझेलमध्ये आधीच घातलेल्या असतात. एक काम मात्र ती खरंच करते. त्याबद्दल पुढे सांगतो.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल मिळतं. त्यात गंधक किलोमागे जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम. त्याआधीच्या बीएस-४ मध्ये ५० चालायचं. रिफायनरीत हायड्रोजन वापरून गंधक काढतात, तेव्हा डिझेलला नैसर्गिक वंगण देणारे काही घटकही निघून जातात. गाडीच्या हाय प्रेशर पंपाला तर वेगळं ऑइल नसतं, बहुतेक गाड्यांत डिझेलच त्याचं वंगण. म्हणून "नवीन डिझेल कोरडं आहे, पंप खाऊन टाकेल" ही भीती पसरली. भीतीमागचं रसायन खरं आहे, पण रिफायनरीवाल्यांनाही ते ठाऊक आहे. ते डिझेल पाठवण्याआधी त्यात वंगणाचं द्रव्य मिसळतात. त्याची परीक्षाही ठरलेली आहे: डिझेलमध्ये बुडवलेल्या पोलादी चकतीवर पोलादी गोळी ६० अंश तापमानाला ७५ मिनिटं घासायची. गोळीवर उमटलेला ओरखडा भारतीय मानकानुसार ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा चालत नाही.

सीटेनचंही तसंच. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. दाबलेल्या गरम हवेत डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. किती चटकन पेटतं त्याचं माप म्हणजे सीटेन क्रमांक. आपल्याकडे तो किमान ५१ लागतो, युरोपातही ५१. अमेरिकेत किमान ४०, आणि तिथे ओरखडाही ५२० मायक्रॉनपर्यंत चालतो. मोबाइलवर अमेरिकन मेकॅनिकचे व्हिडिओ बघून लोक माझ्याकडे येतात, तेव्हा मी त्यांना हे आकडे दाखवतो. त्या मेकॅनिकचं खोटं नसतं. त्याच्या देशातल्या डिझेलमध्ये जी जागा रिकामी आहे, ती बाटली भरून काढते. आपल्याकडे ती जागा बरीचशी भरलेली असते. सीटेन वाढवणारं द्रव्य म्हणजे बहुधा २-इथाइलहेक्झाइल नायट्रेट. त्याने गार इंजिन जरा लवकर सुरू होईल, खडखड थोडी मऊ होईल. पण एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते, आणि बाटलीभर द्रव्याने ती वाढत नाही.

आता ते एक काम. कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून दाबाखाली डिझेल पुरवणाऱ्या, इंजिनात डिझेलचा दाब १६०० ते २००० बारपर्यंत, काही गाड्यांत त्याहून वर जातो. टायरमधली हवा सव्वादोन बारच्या आसपास असते, यावरून अंदाज यावा. हे डिझेल नोझलच्या ज्या भोकांतून फवारतं, ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. त्या भोकांच्या कडांना काजळीचा थर चढतो. इंजेक्टरच्या आत, सुईवर आणि व्हॉल्व्हवर, कधी लाखेसारखा पिवळट, कधी साबणासारखा थर जमतो. फवारा बिघडतो, सुई अडखळते, मग आयडलिंगला गाडी थरथरते, पिकअप कमी वाटतो, धूर वाढतो. अशा थरावर डिटर्जंट जातीचं ॲडिटिव्ह काम करतं. हा नुसता जाहिरातीचा दावा नाही. युरोपात प्युजोच्या दोन लिटरच्या डीडब्ल्यू-१० इंजिनावर एक मान्य चाचणी होते. डिझेलमध्ये मुद्दाम किलोमागे एक मिलिग्रॅम जस्त मिसळून नोझल घाण करतात आणि इंजिनाची ताकद किती घटते ते मोजतात. चांगलं डिटर्जंट असलेल्या डिझेलवर ही घट रोखली जाते, घटलेली ताकद परतही येते.

म्हणून शहरातच छोट्या फेऱ्या मारणारी, बरीच वर्षं वापरलेली गाडी थोडी थरथरत असेल, मीटरवर कुठला दिवा नसेल आणि स्कॅनरवर फॉल्ट कोड नसेल, तर मी स्वतःच म्हणतो, एक बाटली टाका. टाकी पूर्ण भरा, बाटलीवर लिहिलेलंच प्रमाण ठेवा आणि धुळ्याच्या रस्त्याला लांब फेरी मारून या. फरक पडला तर छान. दोन टाक्यांनंतरही पडला नाही, तर तिसरी बाटली घेऊ नका.

कारण मग दोष थराचा नाही, झिजेचा आहे. कॉलेजला जाणाऱ्या मुलीला गाडी देण्याआधी एक ताई स्विफ्ट डिझेल घेऊन आल्या होत्या. त्यांनी कुणाच्या सांगण्यावरून दर महिन्याला क्लीनर टाकलं होतं, तरी सकाळी गाडी पटकन उठत नव्हती. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला, म्हणजे जादा डिझेल परत जाणाऱ्या नळीला, बाटल्या लावून इंजिन चालू ठेवलं. तीन बाटल्यांत डिझेल सारख्याच वेगाने चढत होतं, चौथी भराभर भरली. ताईंना काही समजावून सांगावं लागलं नाही, त्यांनी स्वतःच त्या बाटलीवर बोट ठेवलं. त्या इंजेक्टरच्या कंट्रोल व्हॉल्व्हची सीट झिजून दाब रिटर्नमधून निसटत होता. दातावरचा मऊ थर ब्रशने निघतो, कीड लागलेला दात ब्रशने भरत नाही. झिजलेलं पोलाद परत आणणारं कुठलंही द्रव बाजारात नाही, आणि तसं लिहिलेली बाटली मी दुकानात ठेवत नाही.

माझ्या टेबलावर येणाऱ्या पंपांचा मोठा शत्रू पाणी आहे. निफाड-सिन्नरकडचे शेतकरी ट्रॅक्टरसाठी बॅरलमध्ये डिझेल ठेवतात आणि अडचणीला तेच बोलेरोत ओततात. पावसाळ्यात बॅरलच्या तळाशी पाणी साचतं, पाणी आणि डिझेलच्या सीमेवर जंतू वाढतात, आणि फिल्टर उघडला की काळा बुळबुळीत गाळ हाताला लागतो. पाण्यासाठीही बाटल्या मिळतात, त्या दोन जातींच्या. एक जात पाण्याचे बारीक थेंब करून डिझेलमध्ये मिसळते, म्हणजे ते पाणी इंजेक्टरमधूनच जाणार. कॉमन रेलला हे मला अजिबात मान्य नाही. दुसरी पाणी वेगळं करून खाली बसवते, ते तरी काढून टाकता येतं. पण फिल्टरच्या बुडाशी पाणी सोडायचा बोल्ट किंवा प्लग बहुतेक गाड्यांना असतोच. पावसाळ्यात तो सैल करून पाणी सोडून घ्यायला मिस्त्रीला दहा मिनिटं लागतात. मीटरवर फिल्टरमधल्या पाण्याचा दिवा लागला, तर गाडी पुढे दामटू नका.

जुने ड्रायव्हर डिझेलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल घालायला सांगतात. जुन्या इनलाइन पंपावर त्याने फार बिघडलं नसेल. बीएस-६ डिझेल कारच्या सायलेन्सरच्या वाटेवर मात्र डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, बसवलेला असतो. त्यात अडकलेली काजळी सुमारे ६०० अंशांना जळून जाते, पण ऑइलमधल्या धातूंची राख जळत नाही, ती साठतच राहते. लोह किंवा सेरियम असलेली ॲडिटिव्हही मिळतात. २००० साली प्युजोने डीपीएफबरोबर सेरियमचं द्रव्य आणलं, तेव्हा त्यासाठी वेगळी टाकी होती, संगणक मोजून ते सोडायचा आणि फिल्टर त्या हिशोबानेच बनवलेला होता. तसं द्रव्य आपल्या गाडीत अंदाजाने ओतणं वेगळं. डीपीएफचा दिवा मुळात शहरातल्या तुटक फेऱ्यांमुळे लागतो. हायवेवर एका गतीने वीस-पंचवीस मिनिटं गाडी चालवली, की पुष्कळदा तो जातो.

ॲव्हरेजच्या दाव्यांबद्दल सांगायचं, तर अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, इंधन वाचवणारी शंभराहून अधिक साधनं आणि द्रव्यं तपासली. मोजक्यांनीच काही फायदा दाखवला, तोही थोडका. बाटलीवर "ईपीए रजिस्टर्ड" छापलेलं असतं त्याचा अर्थ घटकांची नोंद झाली आहे, एवढाच. ती संस्थेची शिफारस नव्हे.

पैसे खर्च करायचेच असतील, तर मधूनमधून पंपावरचं टर्बोजेटसारखं ॲडिटिव्ह मिसळलेलं डिझेल भरा. तिथे प्रमाण कंपनीने ठरवलेलं असतं. थंडीत डिझेल गोठू नये म्हणून मिळणारी द्रव्यं महाराष्ट्रात कामाची नाहीत. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल काढलं, हिवाळ्यात तिकडे जाणाऱ्याने तेच भरावं.

आणि निळ्या झाकणाचं डीईएफ, म्हणजे ॲडब्लू, हे डिझेलमध्ये घालायचं औषध नाही. ते ३२.५ टक्के युरियाचं पाणी आहे आणि काही गाड्यांत त्याची टाकी वेगळी असते. चुकून ते डिझेलच्या टाकीत गेलं, तर किल्ली ऑनसुद्धा करू नका. पंप चालू होताच ते पुढच्या लाइनमध्ये जातं आणि मग टाकी रिकामी करून भागत नाही, पंप, रेल, इंजेक्टर सगळं बदलायची वेळ येते. गाडी तशीच टो करून आणा.