डेटाबेसशी बोलताय, पण समोर नक्की कोण आहे?

ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे 94 कोटी रुपये गेले. क्लोन केलेल्या कार्डांनी जिथून पैसे काढले, त्यात आपलं कोल्हापूरही होतं. एटीएमची विचारणा बँकेच्या खऱ्या यंत्रणेपर्यंत पोचलीच नाही; मधल्या बनावट स्विचनेच होकार दिला. तो मालवेअरचा हल्ला होता, नुसत्या टीएलएसने थांबला असता असं मी म्हणणार नाही. पण 'उत्तर देणारा खरा आहे का?' हा प्रश्न लॅबमधून रिमोट डेटाबेसला जोडतानाही असतोच. मी तो बरेच दिवस विचारलाच नव्हता.

पोस्टग्रेस घ्या. क्लायंटमध्ये 'एसएसएलमोड' हे सेटिंग असतं. काहीच लिहिलं नाही तर ते 'प्रेफर' धरलं जातं, म्हणजे सर्व्हर तयार असेल तर एन्क्रिप्शन, नाहीतर गुपचूप साधं कनेक्शन. मग कुणीतरी सांगतं, 'रिक्वायर टाक'. मी तेच टाकून निवांत झाले होते. रिक्वायरने डेटा एन्क्रिप्ट होतो हे खरं, पण तुमच्याकडे रूट सर्टिफिकेटची फाइल नसेल तर समोरच्याचं सर्टिफिकेट तपासलंच जात नाही. वायफायवर मध्ये बसलेल्याने घरी बनवलेलं सर्टिफिकेट पुढे केलं तरी क्लायंट खुशाल जोडतो. पाकीट सीलबंद, पण पोचलं चोराच्या घरी!

म्हणून 'व्हेरिफाय-फुल' वापरा. त्यात दोन गोष्टी तपासल्या जातात: सर्टिफिकेटवर आपल्या विश्वासातल्या संस्थेची सही आहे का, आणि त्यावरचं नाव आपण ज्या होस्टला जोडतोय त्याचंच आहे का. 'व्हेरिफाय-सीए' फक्त पहिलीच बघतं. मायएसक्यूएलमध्ये याच कामाला 'व्हेरिफाय आयडेंटिटी' आहे.

इथे हमखास अडकायला होतं. सर्टिफिकेटवर नाव होस्टचं आणि आपण जोडतो आयपी पत्त्याने. एरर येते, की लगेच परत रिक्वायर! तसं करू नका. होस्टच्या नावाने जोडा, किंवा अॅडमिनना सांगून तो आयपी सर्टिफिकेटमध्ये घालून घ्या.

सर्व्हर तुमच्याच हातात असेल तर पीजी-एचबीए फाइलमध्ये 'होस्ट'च्या जागी 'होस्टएसएसएल' लिहा, आणि साधं कनेक्शन चालू देणारी दुसरी ओळ खाली उरली नाही ना, तेही बघा. कुठलं कनेक्शन एन्क्रिप्टेड आहे हे 'पीजी-स्टॅट-एसएसएल' या व्ह्यूमध्ये दिसतं.

आरोग्य सर्वेक्षण करणाऱ्यांनी तर हे आजच तपासा. 'माहिती गोपनीय राहील' असं लिहिलेल्या संमतीपत्रावर आपण लोकांच्या सह्या घेतलेल्या असतात.