वसंतातील हिमस्खलन : कारणे आणि सावधगिरी

कनेरगाव नाक्याच्या परिसरात चैत्र येतो तो उन्हाचे चटके घेऊन. हिमालयात मात्र तोच काळ बर्फ सुटण्याचा असतो. हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. जानेवारी २०१७ मध्ये काश्मीरमधील हिमदुर्घटनांत अकोला जिल्ह्यातील जवानही मृत्युमुखी पडले. आपलीही मुले सैन्यात आहेत, म्हणून त्यामागील कारणे आपण समजून घेतली पाहिजेत.

हिवाळाभर उतारावर बर्फाचे थरावर थर साचतात. सर्व थर सारखे घट्ट नसतात. एखादा थर भुसभुशीत राहिला, तर वरचा जड थर त्यावरून घसरतो. ३० ते ४५ अंशांचे उतार यासाठी सर्वाधिक धोक्याचे असतात. वसंतात त्यात उन्हाची भर पडते. वितळलेले पाणी आत झिरपते आणि कणांची एकमेकांवरील पकड सैल होते. निरभ्र रात्री पृष्ठभाग पुन्हा गोठतो. म्हणून पहाटेचा बर्फ तुलनेने स्थिर असतो, तर दुपारचा दगा देतो. पाय गुडघ्यापर्यंत रुतणे, उतारावरून बर्फाचे गोळे गडगडणे, पायाखाली धप्प असा आवाज होणे वा भेगा पडणे, ही धोक्याची चिन्हे होत.

४ एप्रिल २०२३ रोजी दुपारच्या सुमारास सिक्कीममध्ये नथु ला मार्गावर हिमस्खलन होऊन ७ पर्यटक दगावले. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडातील माणा गावाजवळ रस्ताबांधणीच्या छावणीवर बर्फ कोसळला. तेथील ५४ कामगारांपैकी ४६ वाचले, ८ जणांना प्राण गमवावे लागले. गाडल्या गेलेल्या माणसासाठी पहिली १५ मिनिटे निर्णायक असतात. त्यानंतर जगण्याची शक्यता झपाट्याने घटते. म्हणून बाहेरून मदत येण्याची वाट न पाहता सोबत्यांनीच तत्काळ शोध घ्यावा लागतो. धोक्याचा उतार एकेकाने ओलांडावा, तो यासाठीच : एक अडकला, तरी शोधणारे शिल्लक राहतात.

संरक्षण संशोधन संस्थेची चंदीगड येथील प्रयोगशाळा हिमस्खलनाचे इशारे प्रसिद्ध करते. हिमस्खलन हा दैवाचा कोप नव्हे. त्याला कारणे आहेत, आणि कारण कळले की सावध होता येते. सुट्टीत हिमालयात जाणाऱ्या पालकांनी आणि तेथे सेवेत असलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी इशारा वाचल्याशिवाय पाऊल उचलू नये. निघावे ते पहाटे, आणि ऊन चढण्यापूर्वी उतार मागे टाकावा.