ग्रंथ सर्वांचा केव्हा होतो?

चैत्यभूमी आणि दीक्षाभूमीवरून परतणारी आपली माणसे पिशवीत ग्रंथ घेऊन येतात. ते ग्रंथ कोणी छापावेत, हे कायद्याने ठरते आणि त्या कायद्याचे बारकावे पुष्कळदा संसदेच्या समितीत ठरतात.

ग्रंथाच्या प्रती काढण्याचा अधिकार लेखकाकडे आणि त्याच्यानंतर ठरावीक वर्षे वारसांकडे असतो. यालाच स्वामित्वहक्क म्हणतात. १९५५ च्या विधेयकात मृत्यूनंतरची ही मुदत २५ वर्षे सुचविली होती. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीच्या छाननीनंतर १९५७ च्या कायद्यात ती ५० वर्षे झाली. रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्याची मुदत १९९१ अखेर संपत आली, तेव्हा ती ६० वर्षे करण्यात आली.

हे आकडे बाबासाहेबांच्या ग्रंथांना लावून पाहावेत. १९३६ चे ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ २५ वर्षांच्या हिशेबाने १९८२ च्या आरंभी, ५० च्या हिशेबाने २००७ मध्ये खुले झाले असते. प्रत्यक्षात ते १ जानेवारी २०१७ रोजी झाले. मरणोत्तर ग्रंथांची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात. म्हणून १९५७ साली निघालेला ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ २०१८ च्या आरंभी खुला झाला. मात्र अनुवादकाचा हक्क स्वतंत्र असतो; मूळ ग्रंथ खुला झाला म्हणून त्याचा मराठी अनुवाद आपोआप खुला होत नाही.

अमेरिकेत न्यायालये आणि बौद्धिक संपदा या दोन्ही विषयांवर प्रतिनिधिगृहाच्या एकाच उपसमितीची देखरेख असते. आपल्याकडे न्यायव्यवस्था विधी व न्यायविषयक स्थायी समितीकडे, तर बौद्धिक संपदा वाणिज्यविषयक समितीकडे येते. २०२१ साली बौद्धिक संपदा अपील मंडळ रद्द झाले, तेव्हा वाणिज्य समितीने फेरविचाराची शिफारस केली. पण मंडळ पुन्हा स्थापन झाले नाही. समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. तरीही तिच्यापुढे आलेले म्हणणे नोंदले जाते आणि पुढील कायद्याच्या वेळी उपयोगी पडते.

समित्या अनेकदा जाहीर सूचना देऊन नागरिकांकडून निवेदने मागवितात. १९१९ साली साउथबरो समितीपुढे तरुण भीमरावांनी लेखी निवेदन देऊन साक्ष दिली होती. तेव्हा त्यांच्या हाती कोणतीही सत्ता नव्हती. होता तो अभ्यास. मुळशीच्या या शाळेतून बाहेर पडून वकिली, अध्यापन वा ग्रंथविक्री करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी अशी सूचना दिसताच एक अभ्यासपूर्ण निवेदन अवश्य पाठवावे.