उबुंटूची फायरवॉल: लावताना, काढताना

वारजे-माळवाडीतल्या छोट्या ऑफिसात उबुंटूचा सर्व्हर असेल, तर फायरवॉल विकत आणायची गरज नाही. पॅकेट अडवण्याचं खरं काम लिनक्सच्या कर्नलमधला 'नेटफिल्टर' करतो. २००८ पासून उबुंटूत मिळणारं 'यूएफडब्ल्यू' त्याला फक्त नियम लिहून देतं. ते बहुधा आधीच असतं, पण बंद. नसेल तर 'एपीटी इन्स्टॉल' करा. माउसने काम हवं असेल तर सोबत 'जीयूएफडब्ल्यू' घ्या.

गडबड होते ती चालू करताना. मूळ सेटिंगमध्ये बाहेरून येणारं सगळं बंद होतं. म्हणून आधी एसएसएचचं २२ नंबरचं पोर्ट उघडा, मगच 'एनेबल' म्हणा. हिंजवडीत बसून हा क्रम चुकवलात आणि लॉगिन तुटलं, की पुन्हा आत शिरता येत नाही. चांदणी चौक ओलांडून मशीनपाशी यावंच लागतं, तेही संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये!

काढतानाही घाई नको. जीयूएफडब्ल्यू उडवलं म्हणजे फायरवॉल गेली असं नाही; ती खिडकी होती, नियम तसेच चालू राहतात. आधी 'यूएफडब्ल्यू डिसेबल', मग पॅकेज काढा. 'रिमूव्ह'ने सेटिंगच्या फाइली मागे राहतात, 'पर्ज'ने त्याही जातात. फेडोराकडचं 'फायरवॉलडी' बसवायचं असेल, तर यूएफडब्ल्यू आधी बंद करा. दोघं एकत्र नांदत नाहीत.

आणि डॉकर वापरत असाल, तर त्याने बाहेर उघडलेली पोर्टं यूएफडब्ल्यूला न जुमानता उघडीच राहतात.